सातातला एक

बरक्याच्या कॅम्पात, रात्रपाळीवरून आल्यावर
आंघोळीच्याही आधी मी किल्ला उघडतो.
लॅपटॉपचा पंखा घरघरतो, शाजी उशी कानावर ओढतो,
आणि डोंगराच्या पोटात माझी एकतीस बुटकी माणसं
उठून दगड फोडायला लागतात.

या नकाशात नदी नाही मिळाली.
तीन डबकी फक्त, गढूळ. एकात कासव.
खेळ पाण्याची उंची सातात मोजतो:
सात म्हणजे काठोकाठ,
चार म्हणजे पोहता येणाऱ्यानेच उतरावं,
एक म्हणजे फरशीवर सांडलेला चहा,
बघता बघता ऊन पुसून नेतं.

पहिल्या वर्षी मी शहाणपणा केला.
डबक्याच्या बुडाखाली खोली खोदली,
चांगली ऐसपैस, वीस बाय वीस.
म्हटलं, पाणी आत घेऊ, उन्हापासून लपवू.
भोक पाडलं. पाणी आलं
आणि पसरलं,
लग्नघरात सगळ्यांना भेटत सुटलेल्या माणसासारखं
कोपऱ्या-कोपऱ्यात जाऊन आलं.
सगळीकडे एक.
थोड्याच दिवसांत खाली नुसता चिखलाचा डाग.
कासव मेलं. त्याच्या कवचाचं
कुणीतरी सुंदर कडं केलं.

हे प्लांटवर बोलत नाही मी.
तिथे अख्खा समुद्र पाइपातून आत येतो,
खारट एकीकडे जातो, गोड एकीकडे.
दर दोन तासांनी मी नमुना घेतो,
क्षारांचा आकडा वहीत उतरवतो, मुराद सही करतो.
आमच्या खोलीत पाणी निळ्या जारमधून येतं,
तो जार टेम्पोतून येतो,
टेम्पो कुठून येतो ते माहीत नाही.

मुरादचा मामा त्यांच्या गावच्या फलजचा वकील.
कोर्टातला नव्हे, पाण्याचा.
जमिनीत रोवलेल्या काठीची सावली बघून
तो पाट फिरवतो. अर्ध्या तासाला म्हणतात अथर.
एका शुक्रवारी खजुराखाली बसून
त्याने विचारलं, तुमच्याकडे वाटणी कशी?
आटपाडीकडचा मी. म्हटलं, टँकर येतो,
जो आधी पळेल त्याचं.
म्हातारा हसला नाही.
मग काय सुचलं कोण जाणे, मी मोबाइलवर
माझ्या वीस बाय वीसचा फोटो दाखवला.
त्याने चष्मा वर केला, बराच वेळ पाहिलं,
एकच शब्द बोलला.
मुराद म्हणाला, उथळ म्हणतोय.

दुसरा हौद मी अरुंद खोदला. तीन बाय तीन,
खाली, अजून खाली. वर झाकण, दाराला कुलूप.
उरलेली दोन्ही डबकी त्यात उतरवली.
सात. सात. सात.
त्या दिवशी मी शाजीला उठवून दाखवलं.
तो म्हणाला, नल्ला, आणि परत झोपला.

मग शरदात हल्ला झाला.
खाणीतला एक जखमी झाला, दोन्ही पाय गेले.
धडधाकट बुटके दारूवर जगतात,
जखमी मात्र पाणीच मागतो.
हा मागू लागला.
हौद भरलेला, विहीर वर बांधलेली, जावळात मी निवांत.
कुणीच हलेना.
शोधता शोधता दिसलं, बादली नाही.
सगळं लाकूड मी पलंगांना लावलं होतं,
एकतीस पलंग, प्रत्येकाला स्वतंत्र.

आडात नाही तर पोहऱ्यात कुठून, असं शिकलो होतो.
माझ्या आडात काठोकाठ होतं.
झाड तोडायला माणूस पाठवला.
तो वाटेत जेवायला थांबला.
पडद्यावर एक ओळ आली: तहानेने मृत्यू.
हौदात अजूनही सात.

त्या पहाटे प्लांटवर
नमुन्याची बाटली मी ओठाला लावली.
तीन वर्षांत पहिल्यांदा.
काहीच चव नव्हती.
वहीत आकडा लिहिला, मुरादने सही केली.

आता गोदामात चौदा बादल्या आहेत.
शाजी विचारतो, एवढ्या कशाला?
वर डबकी कोरडी पडली आहेत, बूड शाबूत.
नकाशावर पावसाचे निळे ठिपके दिसले
की मी सगळी कामं थांबवतो, खोदणंसुद्धा,
आणि डबक्यातला आकडा बघत बसतो.
एक.
एक.
दोन.